एका हिरव्या फांदीचं रसग्रहण

करंगळीच्या दोन पेरांएवढी फांदी, तिच्याखाली सिरॅमिकची छोटी बैठक आणि दोन्हींच्या मध्ये वाळलेल्या सुपरग्लूचा पांढुरका ओघळ. ‘ग्रीन स्लायमर’ नावाचं प्रवाळ मित्राकडून मिळतं किंवा विकत येतं ते बहुधा याच रूपात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, एखाद्या मोठ्या झाडाची खूण म्हणून कुणीतरी डहाळी तोडून ठेवली आहे. वास्तविक या डहाळीत काहीही कमी नसतं. घरच्या काचेच्या टँकमध्ये समुद्र उभा करणाऱ्या, त्यात प्रवाळ वाढवणाऱ्या आणि त्यांच्या फांद्या कापून नवी प्रवाळं करणाऱ्या लोकांच्या छंदात मला सर्वांत जास्त काही आवडलं असेल, तर ही एकटी फांदी. रंगांनी गच्च भरलेला टँक डोळे दिपवतो, आणि डोळे दिपले की काहीच नीट दिसत नाही. फांदी मात्र टोकापासून बुडापर्यंत सावकाश वाचता येते.

तिचं शास्त्रीय नाव अॅक्रोपोरा योंगेई. चार्ली व्हेरॉन आणि कार्डेन वॉलेस यांनी १९८४ साली ही जाती नोंदवली आणि तिला मॉरिस योंग या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाचं नाव दिलं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर १९२८-२९ मध्ये जी मोठी शास्त्रीय मोहीम गेली, तिचं नेतृत्व योंगने केलं होतं. लो आइल्स या छोट्या बेटांवर मुक्काम ठोकून ही मंडळी जिवंत प्रवाळांचा अभ्यास करत राहिली. प्रवाळ काय खातं, हा योंगचा खास प्रश्न. प्रवाळाच्या मांसात सूक्ष्म शैवालं राहतात हे त्या काळी ठाऊक होतं. योंगचा निष्कर्ष असा की प्रवाळ हे पक्कं मांसाहारी आहे आणि शैवालं त्याचा टाकाऊ माल उचलून नेण्याचं काम करतात; अन्न म्हणून त्यांचा उपयोग नाही. पुढे १९६०च्या दशकात लेनर्ड मस्कटाइन आणि इतरांनी किरणोत्सारी कार्बनचा माग काढून दाखवलं की शैवालं उन्हावर जे तयार करतात त्याचा मोठा वाटा थेट प्रवाळाच्या पोटात जातो. आज योंगचं नाव लावणारी ही जाती जगभरच्या घरांत मुख्यतः दिव्याच्या उजेडावर जगते. चूक ठरलेल्या निष्कर्षामुळे योंगचं मोठेपण उणावत नाही. प्रश्न त्याने नेमका विचारला होता, आणि प्रवाळाला जिवंत असताना, त्याच्या पाण्यात बसून विचारला होता. टँक पाळणारा माणूस रोज तेच करत असतो.

आता टोक पाहू. ग्रीन स्लायमरच्या प्रत्येक फांदीच्या शेंड्यावर एकच पॉलिप, म्हणजे प्रवाळाचा एक सुटा छोटा जीव, असतो, इतरांहून मोठ्या आणि गोल नळीत बसलेला. त्याच्या खाली फांदीच्या अंगावर सगळीकडे छोट्या नळ्या, प्रत्येकीत एकेक पॉलिप. शेंड्यावरचा पॉलिप वर वर सरकत राहतो आणि मागे राहिलेल्या भागावर बाजूचे पॉलिप फुटत जातात. अॅक्रोपोरा प्रवाळांची सगळी वास्तुकला या एका व्यवस्थेवर उभी आहे. भिंगातून पाहिलं की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. शेंडा फिकट असतो, कधी जवळजवळ पांढरा. म्हणजे तिथे शैवालं सर्वांत कमी. आणि सांगाडा मात्र तिथेच सर्वांत झपाट्याने वाढतो! जमैकात काम करणाऱ्या टॉमस गोरो यांनी १९५०च्या दशकात किरणोत्सारी कॅल्शिअम वापरून हे मोजलं होतं. जिथे अन्न शिजत नाही तिथे बांधकाम सर्वांत वेगात कसं, याचा उलगडा १९७१ मध्ये पिअर्स आणि मस्कटाइन यांनी केला: खालच्या हिरव्या-तपकिरी भागातलं अन्न मांसातून वर शेंड्याकडे पोचवलं जातं. सगळी फांदी मिळून एका शेंड्याला पोसते. हे एकदा कळलं की त्या फिकट ठिपक्याकडे आधीच्या नजरेने पाहता येत नाही. नवख्या माणसाला तो आजाराचा डाग वाटतो. जाणकार सकाळी दिवे लागले की आधी तोच शोधतो, कारण शेंडे फिकट असले की प्रवाळ वाढीला लागलेलं आहे.

रंगाबद्दल थोडं. हा हिरवा रंग पानांच्या हिरव्याच्या जातीचा नाही. निळ्या एलईडीखाली तो पेटतो, कारण प्रवाळाच्या मांसातली प्रथिनं निळा प्रकाश शोषून हिरवा परत देतात. अशा प्रकारचं पहिलं प्रथिन ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीफिशमध्ये शोधलं. प्रवाळांच्या नात्यातल्या, स्वतः प्रकाश न निर्माण करणाऱ्या जीवांतही ती आहेत, हे १९९९ मध्ये मॉस्कोच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, तेही मत्स्यालयात वाढलेल्या जीवांवरून. त्यातलं लाल प्रथिन आज जगातल्या असंख्य प्रयोगशाळांत पेशी रंगवायला वापरलं जातं. काचेच्या पेटीत प्रवाळ ठेवणं म्हणजे नुसती शोभा, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी.

फांदी कापतात कशी, हे मी जवळून पाहिलं ते न्यू जर्सीत, माझ्या भाच्याच्या घरी. टँक दिवाणखान्यात आणि बाकीचा पसारा खाली बेसमेंटमध्ये: पंप, पाणी साफ करणारा स्किमर, मिठाच्या पाण्याचे ड्रम, आणि भिंतीला लागून एक टेबल. टेबलावर त्याने टॉवेल अंथरला, टँकच्या पाण्याने भरलेले दोन डबे ठेवले, हाडं कापायला शल्यविशारद वापरतात तसा पक्कड-वजा कटर काढला, डोळ्यांवर गॉगल चढवला आणि हातमोजे घातले. मग वरून ग्रीन स्लायमरची सबंध कॉलनी आणली. दोन्ही पंजांत मावेल एवढं ते झुडूप पाण्याबाहेर आलं आणि क्षणात त्याच्या अंगावरून चिकट, पारदर्शक स्राव ओघळायला लागला, अगदी टॉवेलपर्यंत तार लागली. स्लायमर हे नाव त्यामुळेच. मला काळजी वाटली.

“अरे, गुदमरेल ना ते!”

“नाही मामा, ओहोटीला रीफवर हे तासन्‌तास उघडं पडतं. हा चिकटा म्हणजे त्याने अंगावर घेतलेलं पांघरूण आहे. तू फक्त दिव्याच्या आड येऊ नकोस.”

तो कॉलनी फिरवून फिरवून पाहत होता. बाहेरची देखणी फांदी तो घेणार असं मला वाटलं होतं. त्याने निवडली मधली, दोन मोठ्या फांद्यांच्या सावलीत अडकलेली. ती काढली की आतल्या भागात पाणी खेळतं आणि बाकीच्यांना उजेड मिळतो, म्हणजे एका कापण्यात दोन कामं. कटर कुठे लावायचा यालाही विचार होता. फाट्याच्या अर्धा इंच खाली, म्हणजे तुकड्याला दोन शेंडे मिळतात. मग हात न थरथरता एकदाच दाब. खडूची कांडी मोडावी तसा आवाज आला आणि फांदी डब्यातल्या पाण्यात पडली. कापलेल्या तोंडाकडे पाहिलं तर आत पांढराशुभ्र, जाळीदार चुना. हिरवं, जिवंत असं जे काही होतं ते बाहेरच्या कातडीएवढ्या पातळ थरात. एवढ्या मोठ्या झुडपाचं जिवंतपण इतकं उथळ आहे हे पुस्तकात वाचलेलं असतं. कापलेलं तोंड पाहिल्यावर ते पटतं.

पुढचं काम चटचट झालं. तुकडा हलकेच हलवून चिकटा काढला, बैठकीवर घट्ट सुपरग्लूचा बोराएवढा गोळा ठेवला, फांदी त्यात रोवली आणि सगळं लगेच पाण्यात बुडवलं. हा गोंद ओलाव्यानेच आळतो, त्यामुळे पाणी लागताच त्यावर पांढरी साय धरते आणि फांदी उभी राहते. बाकीच्या घरात जी वस्तू तुटलेल्या कपाच्या कानासाठी ठेवलेली असते, ती इथे जिवंत प्राण्याला खडकाशी बांधते आणि प्राण्याला त्याचा काही त्रास होत नाही. तुकडा मंद उजेडाच्या, बेताच्या प्रवाहाच्या कोपऱ्यात मांडणीवर गेला. मूळ कॉलनी आपल्या जागी.

खरं रसग्रहण इथून पुढे सुरू होतं, कारण आता माणसाचं काम संपलेलं असतं. पहिले काही दिवस काहीच दिसत नाही. पॉलिप आत ओढलेले, रंग जरा मळकट. मग एके दिवशी बुडाशी एक हिरवी कड उमटते. फांदीवरचं मांस खाली उतरून गोंदावर पसरायला लागतं. गोंद झाकतं, बैठकीच्या काठापर्यंत पोचतं, तिच्या बाजूवरून खाली उतरतं. वर मात्र अजून सामसूम. आधी पाय रोवायचे आणि मगच हात पसरायचे, हा क्रम प्रवाळ सहसा मोडत नाही. ज्याला फ्रॅग, म्हणजे असा कापून लावलेला तुकडा, दुसऱ्याला द्यायचा आहे तो ही कड बैठकीवर चढेपर्यंत थांबतो. नुकताच गोंदवलेला तुकडा विकणाऱ्यांना या छंदात मान नाही, आणि ते योग्यच आहे.

मग वरचा भाग. कापताना शेंडा गेला असेल, तर फांदीच्या अंगावरचा एखादा बाजूचा पॉलिप शेंड्याची भूमिका घेतो. कालपर्यंत रांगेत बसलेला तो आता पुढे निघतो, त्याची नळी मोठी होते, गोल होते, फिकट पडते, आणि तिथून नवी फांदी सुरू होते. शेंडा व्हायची ताकद प्रत्येकात होती. एक शेंडा समोर होता म्हणून बाकीचे मागे राहिले होते. अॅक्रोपोराच्या वागण्यातली ही गोष्ट मला सर्वांत जास्त विचार करायला लावते. कापण्यामुळे प्रवाळात नवं काही घातलं जात नाही. त्याच्यात आधीपासून असलेलं, अडून बसलेलं काहीतरी मोकळं होतं.

समुद्रही हेच करतो. कॅरिबियन समुद्रातलं हरणाच्या शिंगांसारखं प्रवाळ, अॅक्रोपोरा सर्व्हिकॉर्निस, वादळात मोडतं आणि पडलेले तुकडे जिथे अडकतील तिथे पुन्हा धरतात. एकाच मूळ प्राण्याच्या तुकड्यांनी बनलेल्या त्याच्या झाडीच्या झाडी सापडतात. अर्थात वादळ फार मोठं असलं तर उरलेलंही जातं; १९८० च्या अॅलन चक्रीवादळाने जमैकातल्या या प्रवाळाची धूळधाण केली. कटर हातात घेणारा माणूस वादळाचं काम करतो, फक्त बेताने.

सगळी प्रवाळं अशी वाचता येत नाहीत. प्रत्येकाची तोडण्याची जागा वेगळी आणि ती ओळखण्यातच कारागिरी आहे. मांटिपोराची पातळ ताटं हातानेही मोडतात. युफिलियाची गोष्ट नाजूक. तिचे लांब, टोकाशी फुगीर किंवा हातोडीसारखे दिसणारे मऊ तंतू पाण्यात डोलत असतात आणि खाली चुन्याचे जाडजूड दांडे असतात. दांड्यांच्या फाट्यावर मांस नसतं, नुसता मृत सांगाडा असतो. तिथे, मांसापासून पुरेसं खाली, कापलं तर प्राण्याला कळतही नाही. पण याच कुळातलं भिंतीसारखं सलग वाढणारं रूप असेल, तर कापणं म्हणजे मांस चिरणं; जखम सडते, तपकिरी शेवाळल्यासारखा लगदा पसरतो आणि कधीकधी शेजारचीही कॉलनी घेऊन जातो. अशी भिंत कापण्याच्या मोहात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काही जीव सलग राहण्यासाठीच आहेत. सार्कोफायटॉनसारख्या चामड्याच्या छत्रीसारख्या मऊ प्रवाळाला कडक सांगाडा नाही, आणि गोंद त्याला नीट धरत नाही. त्याचा तुकडा रबरबँडने किंवा जाळीखाली दगडावर बसवतात आणि तो आपण होऊन चिकटतो.

झोअँथस आणि पॅलिथोआ ही बटणांसारखी दिसणारी, गालिचासारखी पसरणारी मंडळी सगळ्यांत सोपी म्हणून नवशिक्याला देतात. भाच्याची गॉगल घालायची सवय मुख्यतः यांच्यामुळे. पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, जगातल्या अतिशय जहाल विषांपैकी एक. ते पहिल्यांदा वेगळं केलं मूर आणि शॉयर यांनी १९७१ मध्ये, हवाईतल्या माउई बेटावरच्या एका खडकातल्या डबक्यातून गोळा केलेल्या जीवापासून. स्थानिक लोक त्या जागेला पिढ्यान्‌पिढ्या टाळत आणि पूर्वी भाल्याची टोकं त्यात बुडवत, असं सांगतात. अशा जीवांनी भरलेला दगड साफ करायला उकळत्या पाण्यात टाकणं हा जीवावरचा खेळ आहे, कारण वाफेतून विष छातीत जातं. माणसं यामुळे रुग्णालयात गेलेली आहेत. कापताना डोळ्यांत उडलेला एक थेंबही पुरे. छंदाचं कौतुक करताना हे सांगायलाच हवं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना समान लागते: पाणी. खाऱ्या पाण्यातलं कॅल्शिअम लिटरला सुमारे ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशिअम १३०० च्या आसपास, क्षारता आणि तापमान ठरलेल्या पट्ट्यात. फांदी वाढली की ती पाण्यातला चुना अधिक वेगाने उचलते, म्हणून झुडूप जितकं मोठं तितकं रोज परत घालावं लागतं. स्वित्झर्लंडच्या पीटर विल्केन्स यांनी चुन्याची निवळी थेंबाथेंबाने टँकमध्ये सोडण्याची पद्धत रूढ केली आणि कडक प्रवाळं घरात वाढू लागली. पुढे जिवंत दगड (सूक्ष्म जीव वसलेले समुद्री दगड), स्किमर, चुन्याची निवळी आणि प्रखर दिवे यांची जी सांगड बसली तिला बर्लिन पद्धत म्हणतात.

बर्लिनवरून डीट्रिश श्ट्यूबर या हौशी माणसाची आठवण काढायलाच हवी. १९८०च्या दशकात, जेव्हा अॅक्रोपोरा घरात जगवणंच मोठी गोष्ट होती, तेव्हा त्यांच्या टँकमध्ये एक अॅक्रोपोरा नुसता जगला नाही, फोफावला. श्ट्यूबरनी त्याच्या फांद्या वाटल्या. त्या फांद्यांच्या फांद्या झाल्या, जर्मनीबाहेर गेल्या, पुढे अटलांटिकपार पोचल्या. आजही त्याला त्यांच्याच नावाने ओळखतात. यातला प्रत्येक तुकडा त्याच प्राण्याचा आहे, त्याच्या पिल्लाचा नव्हे. एक प्राणी शेकडो घरांत, वेगवेगळ्या दिव्यांखाली, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या माणसांच्या हातून चुना पीत वाढतो आहे. मला या छंदाचं मर्म इथे सापडतं. ज्याच्याकडे दुर्मीळ प्रवाळ आहे आणि जो ते एकट्याने जपतो, तो ते गमावतो. हीटर अडकतो, हिवाळ्यात दोन दिवस वीज जाते, अॅक्रोपोरा खाणारे चपटे कृमी नजर चुकवून शिरतात, आणि कित्येक वर्षांचं झुडूप आठवड्यात पांढरं होतं. ज्याने वेळेवर फांद्या वाटलेल्या असतात, त्याला कुणाकडून तरी आपलंच प्रवाळ परत मिळतं. आपल्याकडे विरजण संपलं की शेजारी मागायला जातात, आणि ते बहुधा आपण मागे दिलेल्याच विरजणाचं असतं, अगदी तसं. भाचा सांगतो, इथल्या मंडळींत एखाद्याचा टँक बसला की निरोप जातो आणि संध्याकाळपर्यंत चार जण छोट्या डब्यांतून त्याचीच जुनी प्रवाळं घेऊन दारात उभे असतात. पैशाचं नाव कुणी काढत नाही.

घरच्या टँकमधलं हे शहाणपण समुद्रात कामाला आलं, ही या गोष्टीतली सर्वांत मोठी बाजू. फ्लोरिडातले केन नेडिमायर मत्स्यालयांसाठी मासे पकडायचे आणि समुद्रतळावर भाड्याच्या जागेत मत्स्यालयांसाठी जिवंत दगडांची शेती करायचे. १९९०च्या दशकात त्या दगडांवर शिंग-प्रवाळाची पिल्लं आपोआप येऊन बसली. ते प्रवाळ तोवर फ्लोरिडात जवळपास संपत आलं होतं. नेडिमायर यांच्या मुलीने शाळकरी मुलांच्या एका उपक्रमासाठी त्या पिल्लांच्या फांद्या कापून वाढवल्या, आणि त्यातून पुढे कोरल रिस्टोरेशन फाउंडेशन उभं राहिलं. पाण्यात उभ्या केलेल्या ‘झाडांना’ दोरीने टांगलेल्या हजारो फांद्यांचे आज जे फोटो दिसतात, त्यांची पद्धत फ्रॅग करणाऱ्याच्या टेबलावरून फार लांब नाही.

डेव्हिड व्हॉन यांची गोष्ट मला त्याहूनही आवडते. फ्लोरिडातल्या समरलँड की इथे, मोट मरीन लॅबोरेटरीच्या केंद्रात, एक रुंद फांद्यांचं एल्कहॉर्न प्रवाळ टँकच्या तळाला चिकटून बसलं होतं. ते हलवताना तुटलं आणि एक-दोन पॉलिपचे कण तळाशीच राहिले. ते मेले असतील असंच गृहीत होतं. पुढे पाहिलं तर त्यांची चांगली ठिगळं झाली होती. प्रवाळ लहान केलं की ते धावतं, हे व्हॉन यांनी त्यावरून ताडलं. मेंदूसारख्या, ताऱ्यांसारख्या ठिपक्यांच्या ज्या प्रवाळांना एक हात वाढायला अनेक दशकं लागतात, त्यांचे हिऱ्याच्या करवतीने सेंटिमीटरभर चौकोन केले आणि जवळजवळ मांडले. चौकोनांच्या कडा चारी बाजूंनी पसरल्या, एकमेकांना भिडल्या, आणि मूळ प्राणी एकच असल्याने भांडण्याऐवजी सांधून एक झाल्या. मेलेल्या जुन्या प्रवाळाच्या डोक्यावर असे तुकडे लावून काही वर्षांत ते डोकं पुन्हा जिवंत कातडीने झाकता येतं. अशा रीतीने लावलेल्या ताऱ्या-प्रवाळांनी ऑगस्ट २०२० मध्ये फ्लोरिडात अंडी सोडली. प्रौढत्वासाठी अनेक दशकं वाट पाहायची गरज पडली नाही.

तरी कापण्याची मर्यादाही मानली पाहिजे. कापून मिळतं ते तेच. हजार फांद्या केल्या तरी एकाच प्राण्याचे हजार अवयव, आणि त्याला जे ऊन सोसत नाही ते हजारांनाही सोसत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या उथळ मनाटी उपसागरात पाण्याचं तापमान ३८ अंशांच्या वर नोंदलं गेलं, आणि नर्सरीतली प्रवाळं घाईघाईने उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणावी लागली. नवं मिश्रण हवं तर अंडी आणि शुक्राणू हवेत. लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये जेमी क्रॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ पासून हा ध्यास घेतला: मूळ रीफवरचा दिवस, ऋतूंचं तापमान आणि चंद्राचा उजेड बंद टँकमध्ये एलईडी आणि नियंत्रकांनी हुबेहूब उभा केला, आणि २०१३ पासून अॅक्रोपोरा तिथे ठरल्या रात्री अंडी सोडू लागलं. कटरचं काम जिथे थांबतं तिथून हे काम पुढे जातं. दोन्ही हातांची गरज आहे.

भारतातल्या वाचकाला हे वाचून टँक लावावासा वाटला तर एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्याकडे रीफ बांधणारी कडक प्रवाळं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवणच्या किंवा रामेश्वरच्या खडकावरून एक तुकडाही उचलणं गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. मुंबईच्या समुद्रातही प्रवाळं आहेत, हे पुष्कळ मुंबईकरांना किनारी रस्त्याच्या कामात कळलं, जेव्हा २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या वसाहती हलवण्यात आल्या.

माझी एकच तक्रार आहे, ती नावांबद्दल. अॅक्रोपोराच्या व्यापारी नावांत ‘ओरेगॉन टॉर्ट’ आहे, ‘पर्पल मॉन्स्टर’ आहे, ‘वॉल्ट डिस्ने’ आहे. पहिली फांदी कुणाच्या टँकमध्ये वाढली, कुणी कुणाला दिली, याची वंशावळ लोक मोठ्या प्रेमाने सांगतात, आणि ते मला मनापासून आवडतं. पण वंशावळ अमेरिकेतल्या एखाद्या गावापासून सुरू होते. त्याआधी कुणीतरी कुठल्यातरी रीफवर बुडी मारून ती कॉलनी वर आणलेली असते. बालीच्या आणि जावाच्या उथळ समुद्रात आज कितीतरी कुटुंबं सिमेंटच्या बैठकांवर प्रवाळांची शेती करतात; मे २०१८ मध्ये इंडोनेशियाने निर्यात थांबवली तेव्हा या घरांची मिळकत तुटली आणि इकडे दुकानांच्या मांडण्या रिकाम्या झाल्या. त्या शेतकऱ्याचं गाव कुठल्याच बैठकीखाली लिहिलेलं नसतं.

भाचा एका वहीत प्रत्येक फ्रॅगची नोंद ठेवतो: कुणाकडून आला, कधी कापला, कुणाला दिला. मी त्याला ‘समुद्र’ नावाचा आणखी एक रकाना आखायला सांगितलं. त्याने आखला. स्लायमरपुढे लिहायला त्याच्याकडे काही नव्हतं. ज्याच्याकडून फांदी आली होती त्याला त्याने विचारलं, त्याने त्याच्या आधीच्याला. उत्तर अजून आलेलं नाही, पण आता तिघं शोधत आहेत. नव्याने घेतलेल्या एका मांटिपोराच्या ओळीत मात्र त्याने दुकानदाराकडून कागद मागवून शेतीचा जिल्हा लिहून ठेवला आहे, आणि ज्याला त्या ताटाचा तुकडा देतो त्याला फ्रॅगच्या डब्यावर तो जिल्हाही लिहून देतो.